फोर व्हील ड्राइव्हचा दिवा लागत नाही? नवा स्विच घेण्याआधी सर्किट असं तपासा

पावसाळा सुरू झाला की इंदूरात ही तक्रार हमखास ऐकू येते. चोरल, पातालपाणी नाहीतर जानापावच्या बाजूला काळ्या मातीच्या चिखलातून गाडी काढून आणली, घरी आल्यावर प्रेशर वॉशरनं खालून दणकून धुतली, आणि मग डॅशबोर्डवरचा फोर व्हीलचा दिवा लागतच नाही, किंवा लागला तर विझत नाही, किंवा नुसता लुकलुकत राहतो. मिस्त्री म्हणतो, "स्विच बदल दो भिया, हो जाएगा." स्विच बदलला जातो, थोडे दिवस चालतं आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू. कारण त्या स्विचच्या आधी फ्यूज आहे, वायर आहे, कपलर (वायरी जोडणारा प्लग) आहे आणि स्विचच्या नंतर अर्थ (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारा परतीचा रस्ता) आहे, आणि यातलं काहीच कोणी मीटर लावून बघितलेलं नसतं.

म्हणून पुढचं सगळं एकाच नियमावर आहे: दोन वेगळी रीडिंगं एकाच पार्टकडे बोट दाखवत नाहीत तोपर्यंत छोटी ग्वालटोलीत जाऊन पार्ट घ्यायचा नाही.

हे पार्ट-टाइम फोर बाय फोरसाठी आहे, म्हणजे लिव्हर ओढून टू-एच (दोनच चाकांना ताकद), फोर-एच (चारही चाकांना, नेहमीच्या वेगात), फोर-एल (चारही चाकांना, कमी वेगात जास्त जोर) करायची गाडी असो की डॅशबोर्डवर गोल डायल फिरवायची असो.

आधी हे डोक्यात पक्कं करा: सर्किटं दोन आहेत

एक सर्किट हुकूम देतं आणि दुसरं खबर आणतं. डायलवाल्या गाडीत डायल फिरवला की कंट्रोल युनिटला सिग्नल जातो, ते ट्रान्सफर केसवरची, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद पोचवणाऱ्या गिअरच्या डब्यावरची, मोटर फिरवतं, हे हुकमाचं सर्किट. आणि ट्रान्सफर केसमध्ये गिअर खरंच सरकला की तिथला सेन्सर किंवा छोटा स्विच दिवा लावायला सांगतो, हे खबरीचं सर्किट. लिव्हरवाल्या गाडीत हुकूम तुमचा हातच देतो, वायरिंगमध्ये फक्त खबरीचा भाग असतो.

लोक चुकतात ते इथेच. दिवा लागला नाही म्हणजे फोर व्हील लागलं नाही, असं धरून चालतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुठली बिघडलीय ते स्टेज ३ मध्ये वायरला हातही न लावता कळतं.

स्टेज १: सामान आणि तयारी

डिजिटल मल्टिमीटर (जेल रोडच्या दुकानातला साधासुद्धा चालेल, फक्त बीपवाला घ्या), एक टेस्ट लॅम्प, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डर आणि दोन वायरींसकट, मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज घातलेली एक जंपर वायर, कपलरच्या मागून आत सरकेल अशी बारीक पिन, कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि तुमच्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम. डायग्राम नसेल तर आधी तो मिळवा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार वायरचे रंग बदलतात आणि दुसऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधला की गडबड होते.

गाडी सपाट, पक्क्या फरशीवर घ्या. हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकूड लावा.

सावधान: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, जॅक स्टँड लावूनच जायचं. पिवळ्या रंगाच्या वायरी किंवा कपलर दिसले तर ते बहुतेक एअरबॅगचे असतात, त्यांना मीटर किंवा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका.

स्टेज २: बॅटरी आणि कोड

गाडी काही तास बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवं. १२.२ म्हणजे बॅटरी जेमतेम अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. बॅटरी लोळलेली असेल तर कंट्रोल युनिट शिफ्ट करायलाच नकार देऊ शकतं आणि तुम्ही उगाच डायल उघडून बसाल, म्हणून आधी बॅटरी चार्ज करा, टर्मिनल घासा, मग पुढे.

डायलवाली गाडी असेल तर बॅटरीची केबल काढण्याआधी स्कॅनर लावून कोड (युनिटनं साठवलेले बिघाडाचे नंबर) लिहून घ्या, कारण केबल काढल्यावर काही गाड्यांत कोड पुसले जातात. आणि हो, मोबाइलला जोडायचे स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचेच कोड वाचतात, ट्रान्सफर केसच्या युनिटपर्यंत पोचतच नाहीत. त्यावर "नो कोड" आलं म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका.

स्टेज ३: फोर व्हील खरंच लागतंय का?

ही स्टेज कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते.

१. गाडी मातीच्या किंवा मुरमाच्या जागेवर घेऊन फोर-एच लावा, सरळ थोडी पुढे आणि थोडी मागे घ्या. उभ्या गाडीत दाते कधी कधी समोरासमोर अडतात, गाडी जरा सरकली की बसतात. पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने लॉक करायचे हब असतील तर ते आधी लॉक करा.

२. तशीच फोर-एचमध्ये पक्क्या फरशीवर सरळ आणून उभी करा, चाकांना दगड लावा, पुढचं एकच चाक उचला आणि स्टँड लावा.

३. ते चाक हाताने फिरवून बघा.

चाक घट्ट, थोड्याशा खेळापलीकडे फिरत नाही: फोर व्हील लागलेलं आहे. तरी दिवा नाही म्हणजे प्रॉब्लेम फक्त खबरीच्या सर्किटमध्ये, स्टेज ४ पासून सुरू करा.

चाक फिरतंय आणि पुढचा प्रोपेलर शाफ्टही (ट्रान्सफर केसपासून पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा दांडा) त्याच्याबरोबर फिरतोय: ट्रान्सफर केसमध्ये गिअर सरकलेलाच नाही. लिव्हरवाल्या गाडीत लिंकेज बघा, डायलवाल्या गाडीत स्टेज ७ वर जा.

चाक फिरतंय पण शाफ्ट जागचा हलत नाही: पुढचा अ‍ॅक्सल किंवा हब जोडला गेलेला नाही. पुढचा अ‍ॅक्सल व्हॅक्युमवर जोडला जाणाऱ्या गाड्यांत रबरी नळी फाटलेली, निघालेली किंवा सोलेनॉइडचा कपलर सुटलेला निघतो. ट्रान्सफर केसचा स्विच बदलून इथे काहीच होणार नाही.

सावधान: टेस्टसाठी कोरड्या डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर फोर-एचमध्ये वळणं घेत फिरू नका. पार्ट-टाइम सिस्टिममध्ये मधला डिफरेन्शियल नसतो, वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर साठतो. असा ताण साठला की टू-एच केलं तरी गिअर सुटत नाही आणि दिवा पेटलेलाच राहतो, आणि लोक त्याला स्विच शॉर्ट झाला समजतात. गाडी सरळ रिव्हर्समध्ये थोडी घ्या, विझला तर वायरिंगला हात लावायचं कारणच नाही. वारंवार होत असेल तर चारही टायर एकाच साइजचे आणि सारखेच झिजलेले आहेत का ते बघा.

स्टेज ४: दिवा आणि फ्यूज

इग्निशन ऑन केल्यावर बऱ्याच गाड्यांत सगळे दिवे दोन-तीन सेकंद लागतात. त्यात फोर व्हीलचाही लागला तर दिवा जिवंत आहे.

फ्यूज डोळ्यांनी बघून पास करू नका. इग्निशन ऑन ठेवून फ्यूजच्या पाठीवरच्या दोन्ही बारीक उघड्या टोकांना टेस्ट लॅम्प लावा, दोन्हीकडे उजळला पाहिजे. एकाच बाजूला उजळला तर फ्यूज गेला, मग तो दिसायला कितीही चांगला असू दे.

सावधान: १० अँपिअरचा लाल फ्यूज उडत असेल तर तिथे २० चा पिवळा घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते. उडणाऱ्या फ्यूजसाठी स्टेज ८ आहे.

स्टेज ५: इंडिकेटर स्विच आणि त्याची वायर

लिव्हरवाल्या बहुतेक साध्या सिस्टिममध्ये करंटचा रस्ता असा: फ्यूज, मग डॅशबोर्डचा दिवा, मग खाली जाणारी वायर, मग ट्रान्सफर केसवरचा स्विच, आणि शेवटी अर्थ. स्विच दाबला गेला की अर्थ मिळतो आणि दिवा लागतो. काही गाड्यांत उलटं असतं, दाबल्यावर स्विच उघडतो, ते डायग्रामवर बघून घ्या. पण हा रस्ता समजला की अर्धं निदान जागेवरच होतं. खाली जाणारी वायर कुठे तुटली तर दिवा कधीच लागणार नाही, आणि तीच वायर सोलून बॉडीला टेकली तर दिवा कायम पेटलेला राहील.

पहिला केस, दिवा कायम पेटलेला. गाडी टू-एचमध्ये, इग्निशन ऑन, स्विचचा कपलर काढा. दिवा विझला तर स्विच आतून चिकटलाय किंवा आत गिअरच सुटलेला नाही. तरी पेटलेलाच राहिला तर स्विच निर्दोष, वायर कुठेतरी बॉडीला लागलीय. गिअरबॉक्सवरून वळते ती जागा, सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाते ती जागा आणि क्लिप तुटून वायर लोंबतेय ती जागा, याच क्रमानं शोधा.

दुसरा केस, दिवा लागतच नाही. कपलर काढा आणि आधी आत नीट बघा. हिरवा-पांढरा थर, चिखलाचं पाणी, मागे सरकलेली पिन, यातलं काही दिसलं तर क्लीनर मारा, सुकवा, पिन पुढे बसवा आणि पुन्हा लावून बघा, बऱ्याच गाड्या इथेच बऱ्या होतात. नाही झाली तर दोन पिनच्या कपलरमध्ये गाडीकडच्या दोन्ही पिना फ्यूजवाल्या जंपरनं जोडा. स्विचला एकच वायर असेल तर ती जंपरनं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ जागी टेकवा.

दिवा लागला: वायर, फ्यूज, दिवा सगळं ठीक, दोष स्विचमध्ये किंवा स्विच दाबणाऱ्या भागात.
नाही लागला: स्विच सोडा, वर जाणारी वायर किंवा अर्थ शोधा.

सावधान: हा जंपर फक्त डायग्रामवर साधा दिव्याचा स्विच आहे याची खात्री असेल तरच. वायर कंट्रोल युनिटला जात असेल तर जंपर नाही आणि बल्बवाला टेस्ट लॅम्पही नाही, फक्त मल्टिमीटर.

आता स्विच काढायचा. खाली कापड धरा, थोडं ऑइल गळेल. मीटर बीपवर ठेवून स्विचचं टोक अंगठ्यानं दाबा आणि सोडा, असं आठ-दहा वेळा करा, वायर हलवत हलवत करा. दाबल्यावर दरवेळी १ ओहमच्या आत आणि सोडल्यावर पूर्ण ओपन आलं पाहिजे. दहात एकदाही चुकला तर बदला.

आणि बदलताना वॉशर बघा. स्विचखाली जो पातळ वॉशर असतो तो नुसता ऑइल गळू नये म्हणून नाही, स्विचचं टोक किती आत जाईल ते त्याच्या जाडीवर ठरतं. रामबागेतल्या एका ओळखीच्यांच्या गाडीत नवे स्विच बसले तरी दिवा येईना. काढून बघितलं तर जुना वॉशर ट्रान्सफर केसच्या तोंडाला ऑइलच्या काळ्या थराखाली चिकटून राहिलेला, आणि त्याच्यावर नव्या स्विचबरोबर आलेला दुसरा. दोघांची जाडी मिळून स्विच इतका बाहेर राहायचा की आतला रॉड टोकापर्यंत पोचायचाच नाही. नखानं खरवडल्यावर तो वॉशर निघाला आणि दिवा लागला. स्विच सगळे चांगलेच होते.

स्टेज ६: लोड देऊन तपासा, रिकाम्या वायरचं रीडिंग फसवतं

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून जरा सावकाश वाचा.

वायरच्या टोकाला मीटर लावलं, १२ व्होल्ट आले, म्हणजे वायर चांगली असं सगळे धरतात. पण डिजिटल मीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही. वायरच्या वीस तारांपैकी एकोणीस सडल्या आणि एकच उरली तरी मीटर पूर्ण १२ दाखवणार, आणि त्याच वायरीवर मोटर किंवा बल्ब आला की ती झोपणार. आत २ ओहमचा गंज असेल तर २१ वॅटच्या बल्बवर अडीच-तीन व्होल्ट तिथेच खाल्ले जातात, आणि मीटर एकटं असताना त्याचा मागमूसही लागत नाही.

म्हणून असं करा:

१. सप्लायची वायर: २१ वॅटचा बल्ब त्या वायर आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये लावा. बल्ब पूर्ण उजळला पाहिजे. तो पेटलेला असतानाच मीटरचं एक टोक बॅटरी पॉझिटिव्हवर, दुसरं त्या वायरवर. वायरच्या साध्या तुकड्यात ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, मध्ये चालू स्विच असेल तर त्याचे आणखी ०.३ पर्यंत धरा.

२. अर्थची वायर: बल्ब बॅटरी पॉझिटिव्ह (फ्यूजवाल्या वायरीनं) आणि त्या अर्थ वायरमध्ये. बल्ब पेटलेला असताना अर्थ वायर ते बॅटरी निगेटिव्ह, ०.१ व्होल्टच्या आत हवं.

३. जिथे जास्त आलं तिथून मीटरचं टोक एकेक कपलर सरकवत न्या. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा उडी मारतो, दोष तिथेच.

हा २१ वॅटचा बल्ब फक्त सरळ सप्लाय आणि सरळ अर्थवर. दिव्याच्या सिग्नल वायरवर नाही आणि कंट्रोल युनिटच्या वायरवर तर मुळीच नाही.

अर्थचा दोष फार दुर्लक्षित राहतो. बोल्ट घट्ट असतो, वरून पेंट किंवा बॉडी कोटिंग मारलेलं असतं आणि खाली गंज. अंडरबॉडी कोटिंग करून घेतल्यानंतर दिवा बंद पडला असेल तर पहिली शंका इथेच घ्या, बोल्ट काढा, चमकदार लोखंड दिसेपर्यंत घासा आणि मग कसा.

स्टेज ७: डायल, रिले आणि मोटर

आधी अटी बघा. फोर-एलसाठी बहुतेक गाड्यांत गाडी पूर्ण थांबलेली, गिअर न्यूट्रल आणि क्लच दाबलेला लागतो. क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच खराब असेल तर युनिटला वाटतं अटच पूर्ण झाली नाही आणि ते गप्प बसतं. फोर-एच लागतं पण फोर-एल लागत नाही अशी तक्रार असेल तर डायल नाही, आधी हे दोन स्विच.

डायलचं टेस्टिंग कपलर काढून मीटरच्या ओहमवर. बऱ्याच डायलमध्ये प्रत्येक पोझिशनला वेगळा रेझिस्टन्स असतो, तो मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा आणि डायल हळूहळू फिरवत मध्ये कुठे रीडिंग गायब होतं का ते बघा. अशा डायलला युनिटकडून साधारण ५ व्होल्ट येतात, तिथे १२ व्होल्ट सोडलेत तर युनिट जाईल आणि ते स्विचपेक्षा कितीतरी महाग असतं.

रिलेमध्ये, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये, ८५-८६ नंबरच्या पिना ही कॉइल, ३०-८७ हा कॉन्टॅक्ट. कॉइल साधारण ५० ते १२० ओहम दाखवते. रिले "टक" वाजला म्हणजे चांगला, हा गैरसमज काढून टाका, आवाज फक्त कॉइलचा असतो, आतले कॉन्टॅक्ट जळलेले असले तरी तो येतोच. त्याच नंबरचा दुसरा रिले गाडीत असेल तर अदलाबदल करून बघा.

मोटरच्या कपलरमध्ये दोन जाड वायरी मोटरच्या आणि बारीक वायरी पोझिशन सेन्सरच्या असतात. जाड वायरींवर मागून पिन सरकवून मीटर लावा, कपलर जोडलेलाच ठेवा, आणि दुसऱ्याला आत बसवून डायल फिरवायला सांगा. व्होल्टेज फक्त दोन-चार सेकंद येतं, एकट्यानं करताना ते हमखास निसटतं, म्हणून माणूस घ्याच, नाहीतर मीटरचा मॅक्स मोड वापरा. उलटं शिफ्ट करताना आकडा मायनसमध्ये येणं बरोबर आहे.

पूर्ण व्होल्टेज येतंय आणि मोटर हलत नाही: मोटर किंवा ट्रान्सफर केसचा शाफ्ट जाम.
पाच-सात व्होल्टच येतायत: स्टेज ६ प्रमाणे सप्लाय आणि अर्थ लोडवर तपासा.
काहीच येत नाही: रिले, युनिटचा सप्लाय, अर्थ, मग डायल.
मोटर फिरते पण दिवा लुकलुकतो: बारीक वायरी आणि सेन्सर.

स्टेज ८: फ्यूज परत परत उडतोय

एकामागून एक फ्यूज जाळत बसू नका. उडालेला फ्यूज काढा आणि त्याच्या दोन पिनांच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब लावा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि वायर जळणार नाही. आता एकेक कपलर काढत जा, ज्या कपलरला बल्ब विझला किंवा एकदम मंद झाला, शॉर्ट त्याच्या पुढे. बल्ब आधीच मंद असेल तर तो त्या फ्यूजवरचा नेहमीचा लोडही असू शकतो.

शोधताना बाहेरून लावलेले फॉग लॅम्प आणि एलईडी बार आधी सोडवा. जवळ दिसली त्या वायरीला चिमटा मारून सप्लाय घेतलेला असतो, आणि पुष्कळदा शॉर्ट तिथेच सापडतो. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघा.

स्टेज ९: जोड आणि खात्री

सडलेली वायर वरून टेप गुंडाळून सोडू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, टेपचा गोंद वितळतो आणि पहिल्याच पावसात पाणी आत. तांबं चमकदार दिसेपर्यंत मागे कापा, त्याच जाडीचा तुकडा जोडा, क्रिंप किंवा सोल्डर करा आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. वायर हलत्या शाफ्टपासून आणि सायलेन्सरपासून लांब क्लिपनं बांधा. कपलरचं रबर सील फाटलं असेल तर तेही बदला, आणि पुढच्या वेळी धुताना प्रेशरची धार सरळ कपलरवर मारू देऊ नका.

मग इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि मातीच्या जागेवर टू-एच, फोर-एच, फोर-एल, परत टू-एच असं काही वेळा करा. गाडी थांबवून, इंजिन बंद आणि इग्निशन ऑन ठेवून कपलरजवळची वायर हलवून दिवा फडफडतो का ते बघा, कारण गरम झाल्यावर उघडणारे जोड थंड गाडीत पकडता येत नाहीत.

हे सगळं बरोबर आलं आणि तरी युनिटकडून मोटरला हुकूमच निघत नसेल तर मग ट्रान्सफर केसचं युनिट वाचू शकणारा स्कॅनर असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. जाताना कागदावर लिहून न्या: बॅटरी किती, चाक घट्ट होतं की फिरत होतं, सप्लायवर लोडमध्ये किती ड्रॉप, अर्थवर किती, डायलचे ओहम किती. तो कागद समोर ठेवलात की कोणी "स्विच बदलून बघू" पासून सुरुवात करणार नाही.